वाचकांचे प्रश्न : रूट केलेल्या फोनसाठी स्वतःची थीम

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकाच विषयाची पत्रे इतकी होती, की संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. ज्यांनी आपला अँड्रॉइड फोन रूट केला आहे, म्हणजे त्याच्या सिस्टिमवर संपूर्ण ताबा मिळवला आहे, किंवा त्यावर कस्टम रॉम, म्हणजे कंपनीच्या सिस्टिमऐवजी इतरांनी तयार केलेली सिस्टिम, बसवली आहे, अशा वाचकांना आता त्याचे रूपही स्वतः घडवायचे आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : जुन्या फोनवर कस्टम रॉम बसवली आहे आणि तो रूटही केलेला आहे. तयार थीमांपैकी एकही मनासारखी वाटत नाही, म्हणून स्वतःचीच करावी असे मनात आहे. सिस्टिमच्या फायली उघडून त्यांतले रंग थेट बदलायचे असतात, की वेगळा काही मार्ग आहे?

उत्तर : मूळ फायलींना हात लावू नये, हे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे. एके काळी थीम करणारे फ्रेमवर्कची, म्हणजे सर्व ॲप ज्यावर उभी असतात त्या सिस्टिमच्या पायाची, मूळ फाइल उघडून, तिच्यातले रंग आणि चित्रे बदलून ती परत जागेवर ठेवत असत. त्यात एखादी चूक राहिली तर फोन सुरूच होत नसे, आणि काम नीट जमले तरी रॉमच्या पुढच्या अपडेटबरोबर सगळी मेहनत पुसली जात असे. सायनोजेनमॉड या रॉममधल्या थीम इंजिनाने ही पद्धत बरीच मागे टाकली. तो प्रकल्प २०१६च्या अखेरीस बंद झाला आणि त्याचे काम लिनिएजओएस या नावाने पुढे सुरू राहिले. दुसरीकडे सोनीच्या अभियंत्यांनी पुढे आणलेली रनटाइम रिसोर्स ओव्हरलेची पद्धत मूळ अँड्रॉइडमध्ये रुजत गेली, आणि २०१७ साली आलेल्या अँड्रॉइड ८मध्ये असे ओव्हरले सांभाळणारी यंत्रणाच सिस्टिमचा भाग बनली. सबस्ट्रॅटम हे थीमप्रेमींना परिचित असलेले ॲप याच पायावर उभे होते. अँड्रॉइड ९ने मात्र रूट नसलेल्या फोनवर बाहेरून आणलेले ओव्हरले बसवण्याची वाट बंद केली, आणि म्हणूनच या कामासाठी आजही रूटची गरज पडते.

ओव्हरले म्हणजे मूळ चित्रावर अंथरलेला पारदर्शक कागद समजावा. खालचे चित्र जसेच्या तसे राहते आणि कागद उचलला की पुन्हा दिसू लागते. तांत्रिक भाषेत सांगायचे तर ओव्हरले हे असे एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, असते, ज्यात चालणारा प्रोग्रॅम काहीच नसतो. असतात त्या केवळ रंग, मापे, आकृत्या आणि शब्द यांच्या नोंदी. त्याच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ओळखपत्रासारख्या फायलीत, लक्ष्य पॅकेजचे, म्हणजे ज्याचे रूप बदलायचे त्या ॲपचे, नाव लिहिलेले असते, उदाहरणार्थ सूचनापट्टी आणि क्विक सेटिंग्ज दाखवणारे सिस्टिम यूआयचे पॅकेज. मूळ पॅकेजमध्ये ज्या नावाने एखादा रंग नोंदलेला आहे, अगदी त्याच नावाने तुम्ही ओव्हरलेमध्ये आपला रंग नोंदवता. सिस्टिम या दोन्हींची एक जुळणी-सारणी तयार करते, आणि तो रंग जेव्हा मागितला जातो तेव्हा तुमचे मूल्य पुढे करते.

ही नावे कुठून मिळवायची, असे बरेच जण विचारतात. आपल्याच फोनमधली सिस्टिम यूआयची किंवा सेटिंग्जची एपीके संगणकावर काढून घ्यावी आणि एपीकेटूल या एपीके उलगडणाऱ्या साधनाने उघडावी. त्यातल्या रंगांच्या यादीत सगळी नावे वाचता येतात. तुमच्या रॉमचा सोर्स कोड खुला असेल तर तोच पाहणे अधिक सोयीचे, कारण कोणता रंग कुठे वापरला आहे याचा शोधही तिथे घेता येतो. दुसऱ्या रॉमवरून उचललेली नावे आपल्या रॉमवर चालतीलच असे नाही. एपीके तयार झाल्यावर तिच्यावर डिजिटल सही करावी लागते, आणि मग ती मॅजिस्क या रूट सांभाळणाऱ्या साधनाच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्याला जोडायच्या फायलींच्या संचात, प्रॉडक्ट विभागाच्या ओव्हरले फोल्डरात ठेवायची असते. मॅजिस्क मूळ विभागात काहीही लिहीत नाही, फोन सुरू होताना तुमची फाइल त्या जागी दाखवतो एवढेच, त्यामुळे मॉड्यूल काढले की फोन पूर्ववत होतो.

फोन पुन्हा सुरू झाल्यावर संगणकावरून एडीबी शेल, म्हणजे जोडलेल्या फोनला लेखी आज्ञा देण्याची सोय, उघडून ओव्हरलेंची यादी मागवावी. लक्ष्य पॅकेजच्या नावाखाली तुमच्या ओव्हरलेची ओळ दिसेल. तिच्या सुरुवातीच्या चौकटी कंसात फुली असेल तर ओव्हरले चालू आहे, कंस रिकामा असेल तर तो बसला आहे पण बंद आहे, आणि कंसाऐवजी नुसत्या तीन आडव्या रेघा असतील तर सिस्टिमला त्याची लक्ष्याशी जुळणी करता आलेली नाही. रंग बदलत नाही म्हणून तासन्‌तास एक्सएमएल, म्हणजे नोंदी असलेल्या मजकूर-फायली, चाळत बसण्याआधी ही एक ओळ पाहावी, कारण दोष नोंदीत आहे की बसवण्यात, हे तिथेच कळते.

या पद्धतीच्या मर्यादाही आधीच माहीत असलेल्या बऱ्या. ओव्हरले फक्त रिसोर्स म्हणून नोंदलेल्या गोष्टी बदलू शकतो. ज्या ॲपने रंग थेट प्रोग्रॅममध्ये लिहिला आहे, तिथे त्याचे काही चालत नाही, आणि जेटपॅक कंपोझ या स्क्रीन रचण्याच्या साधनाने बांधलेल्या नव्या स्क्रीनवर हा अनुभव वरचेवर येतो. शिवाय अँड्रॉइड १०पासून आपल्या कोणत्या नोंदी कोणाला बदलू द्यायच्या, हे पॅकेज स्वतः ठरवू शकते. तेव्हा एखादा कोपरा अखेरपर्यंत मूळ रंगातच राहिला तर ती तुमची चूक असेलच असे नाही.

प्रश्न : मी गडद जांभळ्या आणि काळ्या रंगांची थीम केली. मुख्य स्क्रीन फार सुंदर दिसते, परंतु सूचनांमधला मजकूर वाचताना डोळे ताणावे लागतात आणि सेटिंग्जमध्ये काही ठिकाणी तर अक्षरेच नाहीशी झाली आहेत. माझे काय चुकले?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत. सूचनांचा मजकूर मंद दिसण्याचे कारण रंगनिवडीत आहे, तर अक्षरे नाहीशी होण्याचे कारण बहुधा जोडणीत आहे.

रंग आवडीने निवडावा, पण त्याची जागा त्याच्या कामावरून ठरवावी. पृष्ठभाग, पृष्ठभागावरचा मजकूर, दुय्यम मजकूर, लक्ष वेधणारा रंग, त्या रंगावरचा मजकूर आणि इशाऱ्याचा रंग, अशा भूमिकांची यादी आधी कागदावर लिहून प्रत्येक भूमिकेला एक रंग द्यावा आणि मगच एक्सएमएलकडे वळावे. मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्यातला फरक मोजता येतो. वेबसाठीच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार सामान्य आकाराच्या मजकुरासाठी हे गुणोत्तर किमान ४.५ : १ आणि मोठ्या मजकुरासाठी किमान ३ : १ असावे. काळ्यावर पांढऱ्याचे गुणोत्तर २१ : १, म्हणजे शक्य तितके सर्वाधिक असते.

जांभळा इथे अडचणीचा का ठरतो, हे त्या मोजणीतूनच उलगडते. स्क्रीनवरच्या रंगाची उजळता काढताना हिरव्या घटकाला सुमारे ७२ टक्के, लाल घटकाला सुमारे २१ टक्के आणि निळ्या घटकाला जेमतेम ७ टक्के वजन दिले जाते, कारण आपल्या डोळ्याला उजळपणा जाणवतो तोच मुख्यतः हिरव्यातून. जांभळ्यात हिरवा जवळजवळ नसतोच. लाल १२८, हिरवा ०, निळा १२८ असा जांभळा काळ्यावर ठेवला तर गुणोत्तर २.२च्या आसपास येते. पूर्ण तेजाचा शुद्ध निळासुद्धा काळ्यावर २.४च्या आसपासच राहतो. म्हणजे जांभळा हा तुमच्या थीमचा प्राण असला तरी तो मजकुरासाठी वापरू नये. तो बटणाच्या पृष्ठभागावर, स्लायडरमध्ये, चालू असलेल्या टाइलवर वापरावा आणि त्याच्यावरचा मजकूर पांढऱ्याकडे झुकणारा ठेवावा. जांभळी अक्षरेच हवी असतील तर हिरवा घटक पुरेसा वाढवून लव्हेंडरसारखी फिकट छटा घ्यावी. थीमचे वैशिष्ट्य त्यामुळे कमी होत नाही, उलट खुलते.

काळ्याबद्दलही थोडे सांगतो, कारण या रंगाविषयी ठाम मते पुष्कळ ऐकू येतात. ओएलईडी पडद्यावर संपूर्ण काळा बिंदू बंदच असतो, त्यामुळे तिथे काळी पार्श्वभूमी खरोखर वीज वाचवते. एलसीडी पडद्यामागचा दिवा मात्र चित्र काळे असले तरी पेटलेलाच राहतो. तरीही गूगलच्या मटेरियल रचनेत गडद पृष्ठभागासाठी संपूर्ण काळ्याऐवजी तिन्ही घटक १८ असलेला अत्यंत गडद राखाडी सुचवलेला आहे. त्याचे कारण असे, की संपूर्ण काळ्यावर सावली दिसत नाही आणि कोणता फलक वर आहे, कोणता खाली आहे हे डोळ्याला समजत नाही. माझे मत विचाराल तर सर्वांत मागचा पृष्ठभाग काळा आणि त्यावरचे फलक गडद राखाडी, ही विभागणी ओएलईडी फोनसाठी उत्तम आहे.

आता नाहीशा झालेल्या अक्षरांविषयी. दिवसाचे रंग आणि रात्रीचे रंग अँड्रॉइडमध्ये दोन वेगळ्या फोल्डरांत नोंदलेले असतात. एखाद्या स्क्रीनची पार्श्वभूमी तुम्ही दोन्हीकडे बदलली आणि मजकुराचा रंग एकाच ठिकाणी बदलला, तर जोडी फुटते आणि गडद पृष्ठभागावर गडद अक्षरे येतात. नियम असा ठेवावा, की पार्श्वभूमीचा रंग बदलला की त्यावरच्या मजकुराचा रंगही त्याच वेळी, दोन्ही फोल्डरांत नोंदवायचा. दुसरे संभाव्य कारण पारदर्शकतेचे आहे. अँड्रॉइडच्या आठ अंकी रंगसंकेतात पारदर्शकतेचे दोन अंक सर्वांत आधी येतात, तर वेबच्या रंगसंकेतात ते शेवटी येतात. वेबच्या साधनातून उचललेला आठ अंकी संकेत तसाच चिकटवला तर रंगही चुकतो आणि पारदर्शकताही, आणि अनेकदा अक्षर जवळजवळ अदृश्य होते.

तुमची रॉम अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढची असेल तर आणखी एक सोय उपलब्ध आहे. या आवृत्तीपासून सिस्टिमपाशी तीन ठळक आणि दोन सौम्य अशा पाच रंगमालिका असतात आणि प्रत्येकीत १३ छटा, म्हणजे एकूण ६५ रंग. वॉलपेपरनुसार बदलणारे सर्व ॲप हेच रंग वाचतात. शंभर ठिकाणी रंग बदलत बसण्यापेक्षा या ६५ छटा विचारपूर्वक ठरवल्या, तर थोड्या श्रमांत सारा फोन एकसूत्री दिसू लागतो. फक्त एवढे ध्यानात ठेवावे, की वॉलपेपर बदलला की सिस्टिम याच रंगांसाठी स्वतःचा ओव्हरले तयार करते आणि तो तुमच्या रंगांवर मात करू शकतो. म्हणून वॉलपेपर बदलून आणि गडद मोड चालू-बंद करून थीम तपासल्याशिवाय ती पूर्ण झाली असे मानू नये.

प्रश्न : फोनचा फॉन्ट बदलला तेव्हा इंग्रजी अक्षरे बदलली, मराठी मात्र पूर्वीचीच राहिली. मग एक मराठी फॉन्ट बळेच बसवला, तर जोडाक्षरे सुटी पडली आणि वेलांट्यांचे शेंडे कापले गेले. मराठीसाठी वेगळे काही करावे लागते का?

उत्तर : करावे लागते, आणि हा प्रश्न आल्याचा मला मनापासून आनंद झाला, कारण बहुतेक थीम करणारे या बाजूकडे पाहतच नाहीत. अँड्रॉइडमध्ये फॉन्टची एक उतरती यादी असते आणि ती सिस्टिमच्या फॉन्ट-नोंदीच्या एक्सएमएल फायलीत लिहिलेली असते. एखादे अक्षर पहिल्या फॉन्टमध्ये सापडले नाही, तर सिस्टिम त्या लिपीसाठी नेमलेल्या फॉन्टकडे जाते. देवनागरीसाठी तो सहसा नोटो सॅन्स देवनागरी असतो. तुम्ही रोबोटोची, म्हणजे अँड्रॉइडच्या मूळ इंग्रजी फॉन्टची, जागा दुसऱ्या फॉन्टला दिलीत, पण देवनागरीची नोंद तशीच राहिली, म्हणून मराठी बदलली नाही.

जोडाक्षरे सुटी पडतात ती फॉन्टमध्ये अक्षरे कशी जुळवायची हे सांगणाऱ्या ओपनटाइपच्या जोडणी-सारण्या नसल्यामुळे किंवा त्या अपुऱ्या असल्यामुळे. युनिकोडपूर्व काळातल्या, इंग्रजी कळांवर मराठी आकार बसवलेल्या फॉन्टांचा इथे काहीच उपयोग नाही, मग ते छपाईत कितीही देखणे दिसोत. शेंडे कापले जाण्याचे कारण निराळे आहे. फॉन्टच्या यादीत देवनागरीसाठी दोन नोंदी असतात, एक ऐसपैस उंचीची आणि दुसरी आटोपशीर उंचीची. बटणे आणि मेनू यांसारख्या अरुंद जागी आटोपशीर नोंद वापरली जाते, आणि तिच्या जागी पुस्तकी वळणाचा उंच फॉन्ट ठेवला तर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकावर एक येणाऱ्या ठिकाणी वरचा भाग छाटला जातो.

म्हणून फॉन्ट बसवण्याआधी काही शब्द त्यात लिहून पाहावेत. ‘मूर्तींना’ या शब्दात शिरोरेषेच्या वर सर्वाधिक गर्दी होते, तेव्हा उंची तिथे तपासावी. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे शब्द शेजारीशेजारी लिहावेत. दोन्ही सारखेच दिसले तर तो फॉन्ट मराठीसाठी बाद समजावा. ‘वाङ्मय’, ‘कर्तृत्व’ आणि ‘राष्ट्र’ हे तीन शब्द नीट उमटले, तर जोडाक्षरांची बाजू बहुतांशी भक्कम आहे असे म्हणता येते. फॉन्टच्या साध्या वजनाबरोबर ठळक वजनही बसवावे. ते नसेल तर सिस्टिम साध्या अक्षरालाच कृत्रिमपणे जाड करते, आणि ‘ष’ किंवा ‘क्ष’ यांच्या पोकळ्या भरून जाऊन लहान आकारात ती अक्षरे डागासारखी दिसतात.

प्रश्न : आयकॉनचा स्वतःचा संच करण्यासाठीही रूट लागते का?

उत्तर : लागत नाही. आयकॉनचा संच हे साधे ॲप असते. त्यात कोणत्या ॲपला कोणते चित्र द्यायचे याची एक यादी असते आणि ती लाँचर, म्हणजे मुख्य स्क्रीन दाखवणारे ॲप, वाचतो, म्हणून संचांना आधार देणारा लाँचर असला की पुरे. मापे मात्र पाळावीत : अँड्रॉइड ८पासूनच्या बदलत्या आकाराच्या आयकॉनचे क्षेत्र १०८ × १०८ डीपी (अँड्रॉइडमधले पडद्यावरच्या मापाचे एकक) असते, त्यातले मधले ७२ डीपी दिसते, आणि महत्त्वाची आकृती मधल्या ६६ डीपीच्या वर्तुळात राहिली तरच ती कोणत्याही साच्यात कापली जात नाही. अँड्रॉइड १३पासून एकरंगी स्तरही देता येतो, ज्यामुळे आयकॉन थीमच्या रंगात न्हाऊन निघतो.

प्रश्न : फोन सुरू होतानाचे ॲनिमेशन मी स्वतः काढले आहे. चित्रे क्रमाने झिपमध्ये ठेवली, तरी पडदा काळाच राहतो.

उत्तर : ती झिप कशी बांधली आहे ते पाहा. या फायलीतली चित्रे दाबून लहान करायची नसतात. झिप करताना दाब शून्य, म्हणजे नुसते साठवणे, हा पर्याय निवडावा लागतो. काळ्या पडद्याचे हे फार वेळा आढळणारे कारण आहे. त्यानंतर वर्णनाची मजकूर-फाइल तपासा. तिच्या पहिल्या ओळीत रुंदी, उंची आणि दर सेकंदाच्या चौकटींची संख्या असते, उदाहरणार्थ १०८०, २४००, ३०; फायलीत हे अंक अर्थातच इंग्रजी असावेत आणि त्यांच्यामध्ये केवळ एकेक मोकळी जागा असावी. पुढच्या प्रत्येक ओळीत एका भागाचा प्रकार, तो किती वेळा दाखवायचा, त्यानंतर किती चौकटी थांबायचे आणि चित्रांचे फोल्डर कोणते, हे येते. किती वेळा दाखवायचा या आकड्याच्या जागी शून्य लिहिले तर तो भाग फोन सुरू होईपर्यंत फिरत राहतो. चित्रांच्या नावांतले आकडे शून्यांनी भरून समान लांबीचे करावेत, नाहीतर दहावे चित्र दुसऱ्याच्या आधी येते. ही फाइल काही रॉममध्ये सिस्टिम विभागाच्या, तर काहींत प्रॉडक्ट विभागाच्या मीडिया फोल्डरात असते, आणि तुमच्या फोनमधली मूळ फाइल जिथे सापडेल तिथलाच मार्ग मॉड्यूलमध्ये द्यावा.

प्रश्न : थीमचे मॉड्यूल बसवल्यापासून फोन लोगोच्या पुढे जात नाही. आतले फोटो आणि नोंदी जातील का?

उत्तर : घाईने फॅक्टरी रीसेट करू नका, तसे केले तरच त्या जातील. सर्वप्रथम फोन सेफ मोडमध्ये सुरू करून पाहा. बहुतेक फोनवर लोगो आल्यावर आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरावे लागते. मॅजिस्क सेफ मोड ओळखतो आणि सर्व मॉड्यूल बंद करतो. त्यानंतर फोन नेहमीप्रमाणे सुरू केला की मॉड्यूल बंदच राहिलेले असतात आणि दोषी मॉड्यूल शांतपणे काढता येते.

ते जमले नाही आणि यूएसबी डीबगिंगसाठी तुमच्या संगणकाला पूर्वी परवानगी दिलेली असेल, तर फोन सुरू होण्याच्या धडपडीत असतानाही एडीबीचा संपर्क होऊ शकतो. तिथून मॅजिस्कला सर्व मॉड्यूल काढण्याची आज्ञा देता येते. पडदा सारखा मिटत-उघडत असेल, म्हणजे केवळ सिस्टिम यूआय कोसळत असेल, तर याच मार्गाने फक्त तुमचा ओव्हरले बंद करणे पुरेसे ठरते. फोनमधला साठा उलगडून दाखवणारी कस्टम रिकव्हरी, म्हणजे सिस्टिम सुरू न करता दुरुस्ती करण्याची सोय, असेल, तर मॅजिस्कच्या मॉड्यूल फोल्डरात जाऊन आपल्या मॉड्यूलचे फोल्डर पुसावे. आणि यातले काहीच शक्य नसेल, तर त्याच रॉमची, त्याच आवृत्तीची मूळ बूट इमेज, म्हणजे फोन सुरू होताना लागणारी फाइल, फास्टबूट या संगणकावरून फायली बसवण्याच्या सोयीने परत बसवावी. अँड्रॉइड १३सह बाजारात आलेल्या आणि त्यापुढच्या फोनांवर बहुधा तिच्याऐवजी इनिट बूट नावाची इमेज बसवावी लागते. यामुळे रूट जाते, मॉड्यूल आपोआप निष्प्रभ होतात आणि तुमची माहिती जागेवर राहते.

यापुढे थीम तपासताना काही पथ्ये पाळावीत. मूळ बूट इमेज संगणकावर आधीच जपून ठेवावी आणि यूएसबी डीबगिंगची परवानगी कामाला लागण्यापूर्वीच द्यावी. मॅनिफेस्टमध्ये ओव्हरले कायमचा चालू असे लिहू नये. तो बंद अवस्थेत बसवून हाताने चालू करावा. एका वेळी एकाच पॅकेजचा ओव्हरले घालावा, म्हणजे बिघाड कशाने झाला हे शोधत बसावे लागत नाही. ज्यांनी अजून बूटलोडर, म्हणजे बाहेरची सिस्टिम रोखणारा फोनचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, उघडलेला नाही त्यांनी हेही लक्षात घ्यावे, की तो उघडताना फोनमधली सर्व माहिती पुसली जाते आणि पुढे रूट ओळखणारी काही ॲप, विशेषतः बँकांची, चालायला नकार देऊ शकतात. रोजच्या व्यवहाराचा एकुलता एक फोन या कामाला लावू नये, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

प्रश्न : माझी थीम मित्रांना आवडली आहे. ती इतरांना वापरायला द्यायची असल्यास कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : थीमसोबत कोणत्या रॉमवर, अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या फोनवर ती तपासली आहे, हे स्पष्ट लिहावे आणि मॉड्यूल काढण्याची कृतीही तिथेच द्यावी. चित्रे, वॉलपेपर आणि फॉन्ट स्वतःचे नसतील तर त्यांचे परवाने वाचावेत. नोटोसारखे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली असतात. ते थीमबरोबर मोफत देता येतात, मात्र परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा लागतो आणि तो फॉन्ट नुसताच वेगळा विकता येत नाही. दुसऱ्याच्या आयकॉन संचातली चित्रे रंग बदलून आपली म्हणून देणे हे तर सरळ सरळ चौर्य आहे, आणि ज्याने एक संच तरी स्वतःच्या हाताने काढला आहे त्याला एकेका आयकॉनमागे किती वेळ जातो हे ठाऊक असते. मूळ चित्रकाराची परवानगी मागून पाहावी. ती मिळाली तर त्याचे नाव थीमच्या वर्णनात, सहज दिसेल अशा जागी लिहावे, आणि मिळाली नाही तर ते आयकॉन काढून टाकून मगच थीम इतरांच्या हाती द्यावी.